एका उड्डाणाची सरदारी

१९३९ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या तेरा तारखेस, इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याला पुरते सहा आठवडेही लोटले नसताना, फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीजवळील मेट्झ येथून ब्रिटिश हवाई दलाचे एक ब्लेनहाइम जातीचे बाँबफेकी विमान जर्मनीच्या अंतर्भागाकडे निघाले. त्याच्यावर सोपविलेली कामगिरी विध्वंसाची नव्हती. हाम आणि हानोवर यांच्या बाजूचे लोहमार्ग व रस्ते निरखून शत्रूची काही हालचाल दिसते काय याची खबर आणावी, एवढाच हुकूम होता. वैमानिकाच्या आसनावर जो गृहस्थ बसला होता त्याने चाळिशी ओलांडली होती, आणि ५७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा प्रमुख या नात्याने हे काम आपल्या हाताखालच्या एखाद्या तरुण अधिकाऱ्यावर सोपवून स्वतः नकाशासमोर बसण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. परंतु पथकाची युद्धातील पहिली कामगिरी पथकप्रमुखाने अंगावर घ्यावी या जुन्या शिरस्त्याला मान देऊन त्याने ती घेतली, आणि बिर्केनफेल्ड गावाच्या परिसरात जर्मन मेसरश्मिट विमानाने त्याला गाठले. विमान पेटले. हिलियर आणि मोलर हे त्याचे दोघे सहकारी मारले गेले. प्रमुख तेवढा होरपळलेल्या चेहऱ्याने आणि हातांनी हवाई छत्रीच्या आधारे जमिनीवर उतरला व जर्मनांच्या स्वाधीन झाला.

विंग कमांडर हॅरी मेलव्हिल आर्बुथनॉट डे याची बाँबर पथकाचा सेनानी म्हणून युद्धातील कारकीर्द येथे संपली. ती काही तासांची होती. यानंतरची साडेपाच वर्षे, म्हणजे युरोपातील युद्धाचा बहुतेक सगळा काळ, त्याने काटेरी तारांच्या आत काढला. आणि तरीही ब्रिटिश हवाई दलातील ज्या थोड्या माणसांच्या नेतृत्वाविषयी त्यांच्या हाताखालच्यांनी आयुष्यभर आदराने बोलावे अशांत त्याची गणना होते, ती त्या काही तासांसाठी नव्हे, या साडेपाच वर्षांसाठी. लष्करी चरित्रे लिहिणाऱ्यांना कैद हा मजकुरातला खळगा वाटतो. नायक पकडला गेला की लेखणी दोन ओळींत त्याची सुटका करून पुढच्या लढाईकडे वळते. डे याच्या बाबतीत नेमके उलटे करावे लागते.

ब्लेनहाइमविषयी दोन शब्द येथेच सांगून टाकतो, कारण या विमानाचे दैव आणि त्यात बसणाऱ्यांचे दैव एकाच कागदावर लिहिलेले होते. हे विमान मुळात युद्धासाठी जन्मलेच नव्हते. लंडनच्या ‘डेली मेल’ पत्राचे मालक लॉर्ड रॉदरमियर यांनी स्वतःच्या प्रवासासाठी एक वेगवान विमान ब्रिस्टल कंपनीकडून करवून घेतले. १९३५ साली ते उडाले तेव्हा हवाई दलाच्या सेवेतील लढाऊ विमानांनाही ते मागे टाकते हे पाहून सरकारचे डोळे विस्फारले, आणि त्याचेच लष्करी रूप म्हणजे हा तीन माणसांचा हलका बाँबर. पण त्या दशकात विमानविद्या अशा झपाट्याने पुढे जात होती की चार वर्षांत ही नवलाई शिळी झाली. १९३९ च्या शरदात दिवसाढवळ्या एकट्याने जर्मनीवर जाणाऱ्या ब्लेनहाइमला खरे संरक्षण दोनच गोष्टींचे होते: ढगांचे आणि नशिबाचे. हे हवाई दलाच्या वरिष्ठांना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. तरी ती विमाने जात राहिली आणि पडत राहिली.

डे याचा जन्म १८९८ साली बोर्निओ बेटावरील सारवाक येथे झाला, जेथे ब्रूक या इंग्रज घराण्यातील पुरुष ‘राजा’ ही पदवी लावून खरोखरच गादी चालवीत होते. घराण्यात क्रिमियाच्या युद्धातला व्हिक्टोरिया क्रॉस होता. पहिल्या महायुद्धात तो नौदलाच्या मरीन दलात दाखल झाला, आणि युद्ध संपावयास अवघे दोन दिवस उरले असता, १९१८ च्या नोव्हेंबरच्या नऊ तारखेस, ट्रफाल्गरच्या भूशिराजवळ त्याची ‘ब्रिटानिया’ ही युद्धनौका जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने फोडली. जहाज कलंडत असताना, खालच्या मजल्यांत दारूगोळ्याचा विषारी धूर कोंडलेला असताना, हा वीस वर्षांचा पोरगा आवाजाच्या रोखाने खाली उतरला आणि मोडतोडीत अडकलेल्या दोघा जणांच्या सुटकेसाठी त्याने जिवावर उदार होऊन धडपड केली. याबद्दल त्याला अल्बर्ट पदक मिळाले. पुढे त्याचे मन समुद्रावरून आकाशाकडे वळले. १९३१ च्या हेंडन येथील हवाई प्रात्यक्षिकांत २३ व्या स्क्वाड्रनच्या गेमकॉक विमानांनी ज्या कसरती केल्या त्यांचा म्होरक्या डे होता, आणि त्याच्या पंखाला पंख लावून उडणाऱ्यांत डग्लस बेडर नावाचा एक उद्धट, असामान्य तरुण होता. त्याच वर्षाच्या अखेरीस विमान जमिनीलगत उलटवण्याच्या नादात बेडरने दोन्ही पाय गमावले, आणि लाकडी-पत्र्याच्या पायांनिशी पुन्हा विमानात बसून दुसऱ्या महायुद्धात नाव काढले. या दोघांची गाठ पुढे तारांच्या आत पडावयाची होती.

युद्धकैदी अधिकाऱ्यांची छावणी ही वस्तू आज समजून घेण्यास थोडे सायास पडतात. १९२९ च्या जिनिव्हा येथील तहनाम्यावर जर्मनीची सही होती, आणि निदान पश्चिमेकडील शत्रूंच्या बाबतीत तिचे सैन्य तो बऱ्याच अंशी पाळी. (रशियन कैद्यांच्या बाबतीत त्याच सैन्याने जे केले ते येथे सांगू लागलो तर हा लेख दुसराच होईल, लक्षावधी माणसे उपासमारीने मेली.) तहनाम्याप्रमाणे कैदी अधिकाऱ्यांकडून काम करून घेता येत नसे, पळून जाण्याचा प्रयत्न फसल्यास तीस दिवसांहून अधिक कोठडी देता येत नसे, आणि कैद्यांतील सर्वांत वरच्या हुद्द्याचा अधिकारी त्यांचा प्रतिनिधी मानावा लागे. हाच तो ‘ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी’. त्याची नेमणूक कोणी करीत नसे; जो पकडला गेला आणि ज्याचा हुद्दा वरचा, त्याच्या गळ्यात हे पद आपोआप पडे. त्याच्या हाती शिक्षा नव्हती, बढती नव्हती, पगार नव्हता, रजा नव्हती. विशी-बाविशीच्या शेकडो रिकाम्या, भुकेल्या, चिडलेल्या आणि आपल्या लढाईतून अकाली उठविल्या गेलेल्या तरुणांनी त्याचे ऐकावे, यासाठी त्याच्यापाशी स्वतःच्या वर्तनाखेरीज काहीही नव्हते. वतन खालसा झाल्यावरही गाव ज्याच्या ओट्यावर तंटे घेऊन येत राहतो अशा जुन्या देशमुखाची जी स्थिती, तीच याची. फरक इतकाच की या देशमुखाच्या वाड्याला बाहेरून कुलूप होते.

फ्रँकफुर्टजवळच्या ओबेरउर्सेल येथे जर्मन हवाई दलाने पकडलेल्या वैमानिकांच्या जबान्या घेण्याचे ठाणे उघडले होते. येथे मारझोड नसे. जखमेवर मलमपट्टी, एक सिगारेट, इंग्रजी उत्तम बोलणारा आणि लंडनच्या आठवणी काढणारा अधिकारी, रेडक्रॉसच्या नावाखाली पुढे केलेला एक बनावट तक्ता, ज्यात नाव-गावापाठोपाठ पथकाचा क्रमांक आणि विमानतळाचे नाव यांच्या रिकाम्या जागा अगदी निरागसपणे ठेवलेल्या, आणि भिंतीत दडविलेला मायक्रोफोन. ठाण्याचा मुख्य मेजर रुम्पेल हा पहिल्या महायुद्धातला वैमानिक, अदबीचा, चतुर माणूस. त्याने नव्या कैद्यांची व्यवस्था पाहण्यासाठी जुन्या ब्रिटिश कैद्यांचा एक लहानसा कायम ताफा ठाण्यातच ठेवून घेतला, आणि त्या ताफ्याचा प्रमुख होता डे.

या काळाविषयी जे प्रवाद उठले ते लपविण्यात अर्थ नाही. येत-जात असणाऱ्या नव्या कैद्यांना दिसे ते असे: आपल्याच दलाचे हे ज्येष्ठ लोक बऱ्यापैकी जेवतात, रेडक्रॉसची पार्सले यांच्या हातून वाटली जातात, न पळण्याचा शब्द देऊन हे बाहेर फिरावयासही जातात, आणि जर्मन अधिकारी यांच्याशी हसून बोलतात. एक-दोन दिवसांत तो नवा कैदी दुसऱ्या छावणीत रवाना होई आणि तेथे जाऊन सांगे की ओबेरउर्सेलची मंडळी विकली गेली आहेत. ही बदनामी डे याने निमूट सोसली, कारण तिचे खंडन करावयाचे तर खरे सांगावे लागले असते, आणि खरे हे होते की त्याच बराकीतल्या एका पलंगाखालून भुयार चालले होते, आणि घरी जाणाऱ्या साध्यासुध्या पत्रांत सांकेतिक मजकूर गुंफून इंग्लंडला खबरा पोहोचविल्या जात होत्या. माझ्या मते डे याच्या चरित्रातला सर्वांत कठीण काळ हाच. शत्रूने दिलेल्या सवलती घ्यावयाच्या, त्याच्याशी सभ्यतेने वागावयाचे, दिलेला शब्द तंतोतंत पाळावयाचा (शब्द देऊन बाहेर फिरावयास गेलेला एकही जण पळाला तर साऱ्यांच्या इभ्रतीवर पाणी पडावयाचे), आणि परत आल्यावर, शब्द संपताच, जमिनीखाली उतरावयाचे. हा दुटप्पीपणा नव्हता, परंतु दुरून तो तसा दिसे, आणि दिसण्याचा जाब डे याने कोणाला दिला नाही.

१९४१ च्या जून महिन्याच्या आरंभी ते भुयार पुरे झाले आणि एका रात्रीत सतरा जण त्यातून बाहेर पडले; अठरावा, रॉजर बुशेल, मैदानातल्या बकरीच्या गोठ्यात दडून स्वतंत्रपणे निसटला. सगळे पकडले गेले. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून हाकेच्या अंतरावर सापडलेल्या बुशेलबद्दलची हळहळ अधिक, पण त्या पळण्याने एक गोष्ट साधली: ओबेरउर्सेलच्या ताफ्याविषयीच्या प्रवादांतला दम बराचसा गेला.

यानंतरचा प्रवास नकाशावर ठिपके जोडीत गेल्यासारखा आहे. बाल्टिकच्या काठचे बार्थ. मग १९४२ च्या वसंतात, खास हवाई दलाच्या कैद्यांसाठी आणि कोणी पळूच शकणार नाही अशा बेताने बांधलेली सायलेशियातील सागानची छावणी. मग पोलंडमधील शुबिन. सागानला आरंभी डे हाच ज्येष्ठ होता आणि आता बेडरही तेथे आला होता. जर्मनांना उठता-बसता चिडविणे हे बेडरने आपले युद्धकर्तव्य मानले होते; डे याला शांतता हवी होती, ती शरणागतीची नव्हे, जमिनीखालच्या कामाला आडोसा देणारी. हेंडनच्या आकाशात एकमेकांवर जीव टाकणारे हे दोघे कैदेत मात्र एकाच वेळी बरोबर असू शकत नव्हते, आणि जर्मनांनी बेडरला कोल्डिट्झच्या किल्ल्यात हलविले तेव्हा भुयारे खणणाऱ्यांपैकी काहींना तरी सुटल्यासारखे वाटले असावे. शुबिनला शौचकूपाच्या खालून काढलेल्या भुयारातून १९४३ च्या मार्चमध्ये तीसहून अधिक माणसे निघाली, त्यांत डे होता. तोही पकडला गेला. त्या मोहिमेचा सूत्रधार जिमी बकली डेन्मार्कपर्यंत पोहोचला आणि स्वीडनच्या किनाऱ्याकडे लहानशा नावेतून जाताना समुद्रात नाहीसा झाला.

सागानच्या महाभुयाराची कथा चित्रपटाने घरोघर पोहोचविली आहे. १९६३ सालच्या त्या चित्रपटात सगळ्यांत टाळ्या घेणारी मोटारसायकलची उडी सागानमध्ये कधी झालीच नाही, याचा उल्लेख करून पुढे जातो. खरे घडले ते पडद्यावर दाखविण्याजोगे नव्हते, कारण ते बहुतेक अंधारात आणि ओणव्याने घडले. १०४ क्रमांकाच्या बराकीतील शेगडी तिच्या फरशीसकट उचलता येईल अशी केलेली होती. तिच्याखाली सुमारे तीस फूट खोल विहीर, कारण जमिनीत पुरलेल्या यंत्रांना खणण्याचा आवाज ऐकू जाऊ नये. आणि तळाशी दोन फूट रुंद, दोन फूट उंच असे भुयार, तीनशे फुटांहून अधिक लांब. माती म्हणजे निव्वळ वाळू, बोट लावताच ढासळणारी, म्हणून पलंगांच्या सुमारे चार हजार फळ्या काढून भिंतींना आणि छताला लावल्या गेल्या. दुधाच्या भुकटीचे रिकामे डबे एकात एक बसवून हवेची नळी केली होती, सामानाच्या कापडी पिशव्यांचा भाता करून एक जण तासन्‌तास हवा भरीत राही, आणि लाकडी रुळांवरची गाडी वाळू मागे आणी. वरची माती करडी आणि खालची वाळू पिवळीधमक. एक मूठभर पिवळी वाळू दिसली की पहारेकरी सावध होई. म्हणून विजारीच्या आत लोंबत्या पिशव्या बांधून कैदी मैदानात फेऱ्या घालीत, खिशातली दोरी ओढीत, आणि सांडलेली वाळू पायाने कालवीत पुढे जात. शेकडो माणसे महिनोन्‌महिने हे करीत होती. त्या वेळी छावणीचा ज्येष्ठ अधिकारी ग्रूप कॅप्टन मॅसी हा होता, भुयाराचा सर्वाधिकारी बुशेल; डे हा त्यांच्यात वडीलधारा, सल्ल्याला बसणारा, आणि जाणाऱ्यांच्या यादीत पहिल्या गटातला.

१९४४ च्या मार्चच्या चोविसाव्या रात्री दोनशे जण बाहेर पडावेत असा बेत होता. भुयाराचे तोंड झाडीच्या आत निघावे अशी मोजणी केली होती. ते झाडीच्या अलीकडे, बर्फाने झाकलेल्या उघड्या जमिनीत निघाले. मध्येच बर्लिनवरील हल्ल्यामुळे दिवे मालवले गेले. शहात्तर माणसे निसटली. सत्त्याहत्तराव्याच्या वेळी पहारेकऱ्याने तोंड पाहिले. तेथे हात वर करून उभे राहावे लागलेल्यांत लेनर्ड ट्रेंट हा न्यूझीलंडचा एक बाँबर अधिकारी होता. १९४३ च्या मे महिन्यात अ‍ॅम्स्टरडॅमच्या वीजकेंद्रावर नेलेल्या त्याच्या तुकडीतली बहुतेक विमाने शत्रूच्या लढाऊ विमानांनी पाडली, तरी तो लक्ष्यापर्यंत गेला होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १९४६ साली, कारण त्याने त्या दिवशी काय केले हे सांगणारी माणसे युद्ध संपेपर्यंत कैदेतच होती.

डे याच्याबरोबर पावेल टोबोल्स्की हा पोलिश अधिकारी होता, जर्मन सैनिकाच्या वेषात. दोघे बर्लिनमार्गे श्टेटिन बंदरापर्यंत पोहोचले आणि तेथे सापडले. शहात्तरांपैकी तिघे, दोन नॉर्वेजियन आणि एक डच, सुखरूप इंग्लंडला गेले. उरलेल्या त्र्याहत्तरांपैकी पन्नास जणांना हिटलरच्या हुकुमावरून गेस्टापोने एकेकटे किंवा लहान गटांत रस्त्याच्या कडेला नेऊन गोळ्या घातल्या. कोणाला मारावयाचे आणि कोणाला ठेवावयाचे याचा निवाडा गुन्हे-पोलिसांचा मुख्य नेबे याने कार्डे चाळून केला. टोबोल्स्की मारावयाच्यांच्या ढिगात पडला. डे दुसऱ्यात. छावणीच्या नव्या कमांडंटने मॅसीला बोलावून सांगितले की पळालेल्यांपैकी एक्केचाळीस जण प्रतिकार करताना ठार झाले, तेव्हा मॅसीने एकच विचारले: जखमी किती? उत्तर आले, एकही नाही. पुढे हा आकडा पन्नासांवर गेला.

डे याच्यासंबंधी लिहिताना मला येथे थांबावेसे वाटते. ‘ब्रिटानिया’ बुडाली, तो तरला. ब्लेनहाइममधील तिघांत तो एकटा उतरला. श्टेटिनला पकडलेल्या दोघांत तो एकटा राहिला. अशा माणसाने पुन्हा कोणाला सोबत घेऊन जोखीम पत्करावी काय? आणि तारांच्या आत शेवटपर्यंत सुखरूप राहून युद्ध संपण्याची वाट पाहणे अप्रामाणिक ठरले असते काय? मला तसे वाटत नाही. पन्नास तरुणांच्या जिवाच्या मोबदल्यात जर्मनीचे हजारो पोलीस काही दिवस रानोमाळ धावले, हा हिशेब कोणत्याही बाजूने मांडला तरी जमेचा दिसत नाही. परंतु ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना उद्या मिळणारी आकडेमोड ठाऊक नव्हती, आणि तीस दिवसांची कोठडी एवढीच शिक्षा त्यांनी तोवर पाहिली होती.

डे याला साक्सेनहाउझेनच्या छळछावणीच्या आवारात, विशेष कैद्यांसाठी राखलेल्या एका लहान कुंपणात टाकण्यात आले. तेथे सागानचेच जॉनी डॉज, सिडनी डाउझ आणि जिमी जेम्स हे होते, आणि पुढे जॅक चर्चिल हा कमांडो अधिकारी येऊन मिळाला. येथून कोणी पळत नसतो, असे त्यांना आल्या दिवशीच बजावण्यात आले. कुंपणाला वीज होती आणि पलीकडच्या मुख्य छावणीत माणसे कशी मरतात हे कानावर येत होते. तरीही डाउझ आणि जेम्स यांनी जेवणाच्या टेबलावरच्या सुरीने खोलीच्या जमिनीतून खणावयास सुरुवात केली, माती बराकीच्या जमिनीखालच्या पोकळीतच दाबून बसविली, आणि शंभर फुटांहून लांब भुयार एकाही पहारेकऱ्याला सुगावा न लागता पुरे केले. पन्नासांच्या हत्येची बातमी तोवर या कुंपणातही पोहोचली होती. आता पकडले गेलो तर तीस दिवसांची कोठडी नाही, हे पाचही जणांना उमगले होते. डे ज्येष्ठ असल्याने ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्याचा होता. तो ‘जावे’ म्हणाला, आणि १९४४ च्या सप्टेंबरच्या तेविसाव्या रात्री पाचही जण बाहेर पडले.

हे शहाणपण होते की हट्ट, हे ठरविणे मला कठीण जाते. आपल्याकडे याला एक जवळचे उदाहरण आहे. १९७१ च्या डिसेंबरात सुखोई विमानातून पडून पाकिस्तानच्या कैदेत गेलेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांनी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघा सहकाऱ्यांसह १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडली, तेव्हा युद्ध केव्हाच संपले होते, सिमल्याचा करार झाला होता, आणि आज ना उद्या सुटका व्हावयाचीच होती. तिघे लंडी कोतलपर्यंत, अफगाण सरहद्दीपासून काही मैलांवर, पोहोचले आणि तहसीलदार कचेरीच्या अर्जनवीसाला संशय आल्याने सापडले. आपली सुटका दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून ठेवावयाची नाही, एवढे एकच कारण दोन्ही ठिकाणी लागू पडते, आणि ते कारण हिशेबाच्या वहीत बसत नाही.

साक्सेनहाउझेनहून निसटलेले डे आणि डाउझ लगेचच बर्लिनच्या परिसरात पकडले गेले. इतरांना थोडे अधिक दिवस मिळाले, डॉजला महिनाभर. मग मुख्य छावणीतील कोठड्यांची इमारत, जेथून कैदी सहसा पायाने बाहेर येत नसत. चौकशी झाली. आपण अधिकारी आहोत आणि पळणे हे आपले कर्तव्य आहे, याखेरीज डे याच्यापाशी वेगळी कैफियत नव्हती. त्यांना मारले का नाही, याचे एकच समाधानकारक उत्तर पुढील वसंतात मिळाले: एस. एस. च्या वरिष्ठांना आता सौदा करण्यासाठी ओलीस हवे होते.

१९४५ च्या एप्रिलात डे आणि त्याचे सहकारी फ्लोसेनबुर्ग, डाखाउ, इन्सब्रुक असे दक्षिणेकडे नेले गेले, आणि ट्रकांत भर पडत पडत सुमारे एकशेचाळीस माणसांचा एक अजब काफिला जमला. त्यात ऑस्ट्रियाचे माजी चॅन्सलर शुश्निग होते, फ्रान्सचे माजी पंतप्रधान लेआँ ब्लुम होते, हंगेरीचे माजी पंतप्रधान काल्लाय होते, पाद्री नीमोलर होते, हिटलरचा एके काळचा अर्थमंत्री शाख्ट आणि भूदलाच्या जनरल स्टाफचा माजी प्रमुख हाल्डर होते, आणि हिटलरवर बाँब ठेवणाऱ्या श्टाउफेनबेर्गचे नातेवाईक होते. बरोबरच्या एस. एस. पहाऱ्याला वेळ पडल्यास सर्वांना ठार मारण्याचा हुकूम आहे, अशी कुणकुण लागलेली. दक्षिण टिरोलमधल्या नीडरडोर्फ गावी हा काफिला थबकला. कैद्यांतला एक जर्मन कर्नल, फॉन बोनिन, याने टेलिफोन गाठून बोल्झानोच्या जर्मन सेना-मुख्यालयाला कळविले, आणि कॅप्टन फॉन आल्फेन्सलेबेन सैनिकांची तुकडी घेऊन आला व त्याने एस. एस. लोकांना बाजूला केले. एका जर्मन सैन्याने दुसऱ्या जर्मन सैन्यापासून जर्मनीच्या शत्रूंना वाचविले. कैद्यांना डोंगरातल्या सरोवराकाठच्या एका हॉटेलात ठेवण्यात आले. पण मधल्या मुलखात कोण कोणाचे ऐकत होते याचा नेम नव्हता. तेव्हा डे आंतोन डुचिया नावाच्या स्थानिक प्रतिकारकाबरोबर आघाडी ओलांडून निघाला, दोस्तांच्या सैन्यापर्यंत पोहोचला आणि त्याने या माणसांचा ठावठिकाणा सांगितला. मे महिन्याच्या चार तारखेस अमेरिकन सैनिक हॉटेलच्या दारात आले. इतक्या वेळा पळालेला हा माणूस अखेर एकदा तरी जेथे जावयास निघाला होता तेथे पोहोचला.

पुढचे थोडक्यात. त्याला डी. एस. ओ. आणि ओ. बी. ई. हे किताब मिळाले, १९५० साली तो ग्रूप कॅप्टन म्हणून निवृत्त झाला, १९६८ साली सिडनी स्मिथ यांनी त्याचे चरित्र लिहिले, १९७१ साली अल्बर्ट पदकाचे रूपांतर जॉर्ज क्रॉसमध्ये झाले, आणि १९७७ साली माल्टामध्ये तो वारला. पण दप्तरी कामकाजाची एक हकीगत या यादीत बसत नाही, ती सांगितली पाहिजे. १९६४ साली पश्चिम जर्मनीने नाझी छळाला बळी पडलेल्या ब्रिटिश नागरिकांच्या भरपाईसाठी दहा लाख पौंड ब्रिटिश सरकारच्या हवाली केले. साक्सेनहाउझेनमधून जिवंत परतलेल्या बारा जणांनी अर्ज केले. डे आणि त्याचे सहकारी त्यांत होते. परराष्ट्र खात्याने अर्ज फेटाळले. कारण असे की, अर्जदारांना ज्या कुंपणात आणि कोठड्यांत ठेवले होते ती जागा काटेकोर अर्थाने छळछावणीच्या हद्दीत मोडत नव्हती. जेथून कैदी फासावर नेले जात ती इमारत छळछावणीच्या आत की बाहेर, यावर लंडनमधील कारकुनांनी काही वर्षे टिपणे लिहिली. पार्लमेंटचे सभासद एअरी नीव्ह, स्वतः कोल्डिट्झहून पळालेले, यांनी हे प्रकरण नव्यानेच निर्माण झालेल्या संसदीय लोकायुक्तापुढे नेले, आणि १९६७ च्या डिसेंबरात सर एडमंड कॉम्प्टन यांनी खात्याच्या कारभारात दोष असल्याचा निर्वाळा दिला. १९६८ च्या फेब्रुवारीत परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राउन यांनी सभागृहात भरपाई देण्याचे मान्य केले. मात्र खात्याचा मूळ निर्णय चुकला होता हे त्यांना तेव्हाही पटलेले नव्हते.